रंगभवन ते ब्लू फ्रॉग

मुंबईत रॉक ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीचं पहिलं घर म्हणजे धोबीतलावचं खुलं रंगभवन. 1986 पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाला कॉलेजची पोरं काळे टी-शर्ट घालून तिथे तुडुंब गर्दी करायची. त्या गर्दीला परदेशी बँडची गाणी हवी असायची, तीही जशीच्या तशी. स्वतःचं गाणं वाजवणाऱ्याची खैर नसे.

1984 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’ या बँडने तरीही आपलीच गाणी रेटली आणि 1988 मध्ये ‘रॉक एन रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. त्या हट्टाचं मोल मला फार मोठं वाटतं. पुढे याच बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं. 1997 मध्ये बँड फुटला आणि नंतर गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले.

रंगभवनाच्या आसपास कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं, शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज. 2000 चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तिथलं रॉक थांबलं. रुग्णांना शांतता मिळालीच पाहिजे. पण आम्हाला तशी दुसरी खुली जागा कुणी दिली नाही, याची चुटपुट अजून आहे.

मग रॉक बंद दाराआड गेलं. लोअर परळला मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 2007 च्या अखेरीस ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब सुरू झाला. बसायला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गोल कप्पे, मागचा पुढच्याहून उंच. कुठेही बसा, मंच समोरच. 2010 मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आलं आणि ज्यांना लांबून ठिपक्याएवढं पाहिलं होतं ते हाताच्या अंतरावर आले. गिटारवादक महेश तिनईकरांची बोटं तारेवर कुठे थांबतात, कुठे नुसती रेलतात, हे इथे पहिल्यांदा दिसलं. झुबिन बालापोरिया कीबोर्डवरून मान वळवून ड्रमवरच्या तरुण जय रो कवीकडे बघत. बेस गिटारवरही तरुणच, रुशाद मिस्त्री. तरुणांच्या जोरावर जुनी मंडळी विसंबत होती, पण गाणं कधी आवरायचं ते तीच ठरवत होती. बेनेगलांच्या आवाजात आता घाई नव्हती. पूर्वी दोन ओळींमधली जागा ते ओरडून भरत. आता ती मोकळी सोडत. मला हे असं गाणं जास्त आवडलं. त्यांचा 2012 चा ‘इव्हॉल्व’ हा अल्बम ऐका म्हणजे पटेल: पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी जुन्या लोकप्रियतेवर न जगता नवं काही रचलं.

‘ब्लू फ्रॉग’ 2016 मध्ये बंद झाला. छोट्या क्लबचं गणित अवघड असतं, भाडं चुकत नाही आणि तिकीट फार महाग करता येत नाही. तेव्हा तुमच्या गावातल्या एखाद्या क्लबात असा जुना बँड वाजणार असेल, तर फुकट पासची वाट पाहू नका, तिकीट काढून जा. आणि जुन्या गाण्याची फर्माईश करण्याआधी त्यांचं नवं गाणं पूर्ण ऐका.