निलगिरीची लागवड: लगद्यासाठी की फळ्यांसाठी?
चीड, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचे लाकूड ‘मऊ’, तर साग आणि निलगिरीचे ‘कठीण’ या वर्गात मोडते. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. ब्राझीलमध्ये कागदाच्या लगद्यासाठी ती साधारण ७ वर्षांत तोडतात. बुंध्याला पुन्हा फुटवे येत असल्याने नवी रोपे न लावताही पुढची तोड मिळू शकते.

फर्निचरच्या फळ्यांसाठी मात्र एवढे वय पुरत नाही. भराभर वाढलेल्या कोवळ्या खोडात ताण साठलेला असतो. कापताना आणि वाळताना लाकूड तडकते, वाकते. म्हणून विरळणी करून झाडे जास्त वर्षे वाढवावी लागतात. गाठी टाळायला खालच्या फांद्या वेळीच छाटाव्या लागतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. भूजल घटण्याच्या चिंतेमुळे कर्नाटकाने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली. त्यामुळे गिऱ्हाईक कोण आणि पाणी किती, हे रोप लावण्याआधीच ठरवायला हवे.