भिलाईची मराठी यादी : वहीपासून मोबाइलपर्यंत

भिलाई टाउनशिपमधला पत्ता सरळ असतो. क्वार्टरचा नंबर, स्ट्रीट, सेक्टर, एवढंच. वाड्याचं नाव नाही, आळी नाही, ‘मारुतीच्या देवळामागे’ नाही. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्यासाठी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि दुर्गच्या शेजारी हे आखीव गाव वसलं. पत्ता असा सोपा, पण माणसं त्या पत्त्यावर फार काळ राहत नसत. क्वार्टर मिळायचं ते ग्रेडप्रमाणे. बढती झाली की मोठं क्वार्टर, म्हणजे नवा स्ट्रीट, बहुधा नवा सेक्टर. निवृत्त झालं की बहुतेकांना क्वार्टर सोडावं लागायचं. मग कुणी दुर्गला, कुणी नेहरूनगरात, कुणी थेट नागपूरला मुलाकडे. इथल्या मराठी मंडळाची पत्त्यांची यादी सांभाळणाऱ्याला सगळ्यात जास्त काम दिलं ते या बदल्यांनी. बरीच वर्षं ते काम माझ्याकडे होतं, म्हणून हा मागोवा.

सुरुवातीला होती ती जाड पुठ्ठ्याची वही. आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे पानं वाटलेली, ‘क’ आणि ‘द’ला जास्त पानं. सेक्टर बदलला की जुना पत्ता खोडायचा आणि समासात नवा लिहायचा. दोन बदल्यांनंतर समास भरायचा. गणपती जवळ आले की चारपाच जण संध्याकाळी पाकिटं घेऊन बसायचे, एक जण पत्ते वाचायचा आणि बाकीचे लिहायचे. कार्यक्रमाची पत्रिका साध्या टपालानं जायची, पण वार्षिक सभेची नोटीस यूपीसीनं, म्हणजे टपालात टाकल्याच्या पोस्टाच्या दाखल्यासह. संस्था नोंदणीकृत असल्यानं नोटीस पाठवल्याचा पुरावा लागायचा. पोस्टाच्या शिक्क्याची ती यादी पुढच्या वर्षापर्यंत फाइलमध्ये राही. डाक खात्यानं 2011 मध्ये यूपीसी बंद केली, तेव्हा छोट्या संस्थांची मोठी सोय गेली.

यादी संगणकावर गेली ती डीबेसमध्ये. काळ्या पडद्यावर ठिपका दिसणारा तो प्रोग्राम आजच्या मुलांना दाखवला तर त्यात पाहण्यासारखं काही वाटणार नाही. आम्हाला मात्र त्यानं एक गोष्ट कायमची शिकवली : पत्ता हा एक मजकूर नाही, ते वेगवेगळे रकाने आहेत. नाव वेगळं, आडनाव वेगळं, क्वार्टर, स्ट्रीट, सेक्टर, शहर, पिन सगळं वेगळं. वहीत हे सगळं एका ओळीत होतं, म्हणून वहीत फक्त आडनावानं शोधता यायचं. रकाने पडल्यावर ‘सेक्टर 7 मधली सगळी घरं’ असं विचारता येऊ लागलं. पत्रिका पोस्टानं न पाठवता सेक्टरवार गठ्ठे करून सायकलवरून वाटता येऊ लागल्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर एका ओळीत तीन चिठ्ठ्या छापून निघायच्या. कापायच्या, खळ लावायची, चिकटवायच्या. पाकिटं लिहायला बसणाऱ्यांची ती संध्याकाळ मोकळी झाली.

रकाने पाडताना एक प्रश्न समोर आला, तो वहीनं कधी विचारला नव्हता. यादी माणसांची की घरांची? सभासद नवरा आणि बायको दोघंही असतील तर पाकिटं दोन की एक? वहीत बहुतेक नावं पुरुषांची होती. घरातल्या बाई हळदीकुंकवाच्या निमंत्रणापुरत्या ‘सौ.’ होत्या, त्यांचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. नवरा गेला तरी पाकीट त्याच्याच नावानं जात राही. असं पाकीट हातात पडल्यावर त्या घरात काय होत असेल, याचा विचार यादी करणाऱ्यानं केलाच पाहिजे. घराला एक क्रमांक दिला आणि त्या क्रमांकाखाली घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची स्वतंत्र नोंद केली. पाकीट घराला एक, नाव प्रत्येकाचं. साध्या प्रोग्राममध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि मंडळाच्या कामात झालेल्या सुधारणांमध्ये मी ही सर्वांत वरची मानतो.

पिनच्या रकान्याची किंमत 1 नोव्हेंबर 2000 रोजी कळली. त्या दिवशी छत्तीसगड राज्य झालं आणि आमच्या यादीतल्या बहुसंख्य पत्त्यांचं राज्य एका रात्रीत बदललं. पण सगळ्यांचं नाही. बालाघाट, जबलपूर, इंदूरला गेलेले सभासद मध्य प्रदेशातच राहिले. शहरांची नावं वाचत एकेक नोंद बदलण्याची गरज पडली नाही. ज्यांचा पिन 49 नं सुरू होतो, त्यांचं राज्य छत्तीसगड करा, एवढी एकच आज्ञा पुरली. भिलाई 490, दुर्ग 491, रायपूर 492, बिलासपूर 495. नव्या राज्याची सीमा पिननं 28 वर्षं आधीच आखून ठेवली होती.

ही पिनची योजना डाक-तार खात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याची, श्रीराम भिकाजी वेलणकरांची. ते संस्कृतचे कवीही होते. 15 ऑगस्ट 1972 पासून पिन सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून उपविभाग, तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आता छत्तीसगड हे चारही 4 च्या विभागात येतात. भिलाईच्या मराठी माणसाचा पिन मुंबईच्या माणसासारखाच 4 नं सुरू होतो, हे मला नेहमी आवडत आलं आहे. पुढे 2012 मध्ये दुर्ग जिल्ह्यातून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाले. तेव्हा जिल्ह्याचा रकाना बदलावा लागला, पिनला हात लावावा लागला नाही.

देवनागरीची लढाई याहून लांब चालली. डीबेसमधली नावं रोमन लिपीत होती. देशपांडे तीन तऱ्हांनी लिहिलेले, म्हणून एकाच घराला दोन पाकिटं. मराठी संस्थेची पत्रिका मराठीत आणि वरचा पत्ता इंग्रजीत, हेही कुणाला आवडत नव्हतं. नव्वदच्या दशकात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट आणि मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी ही देवनागरीची सॉफ्टवेअर आली आणि पत्रिकेबरोबर यादीही देवनागरीत करायचं ठरलं. पडद्यावर सुंदर दिसायची. क्रम लावायला गेलं की बिघडायची. त्या काळच्या अनेक फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जायची, कारण कागदावर ती आधी दिसते. त्यामुळे किरण, दिलीप, विजय हे तिघं क, द आणि व मध्ये न जाता वेलांटीच्या खाली एकत्र गोळा व्हायचे. दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसला तर सगळी यादी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायची. युनिकोडनं हे मिटवलं. त्यात वेलांटी उच्चाराच्या क्रमानं, अक्षरानंतर साठवली जाते. विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरीची सोय आली. जुन्या फॉन्टमधली यादी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं कंटाळवाणं काम होतं, पण त्यानंतर ते कधी परत करावं लागलं नाही.

ईमेल आल्यावर मुलं पुण्याला, बंगळूरला, पुढे अमेरिकेत गेली आणि आईवडिलांच्या मंडळाची बातमी मागू लागली. विंडोजबरोबर येणारं साधं अॅड्रेस बुक तेव्हा कामी आलं. त्यात गट करता यायचे. एकच माणूस ‘कार्यकारिणी’, ‘वाचनालय’ आणि ‘बाहेरगावचे’ अशा तिन्ही गटांत असू शकत होता, आणि त्याचा ईमेल बदलला की एकाच ठिकाणी दुरुस्त करायचा. जुनी यादी त्यात नेताना स्प्रेडशीटनं भिलाईच्या 0788 या एसटीडी कोडमधलं पुढचं शून्य खाल्लं. फोन नंबर हा आकडा नसून मजकूर आहे, हे रकान्याला आधी सांगावं लागतं. अॅड्रेस बुकमधून बाहेर पडलेल्या पत्रात एक काळजी घ्यावी लागे : सगळे पत्ते ‘बीसीसी’त टाकायचे. नाहीतर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो आणि पुढे कुणाच्या हाती पडेल याला धरबंध राहत नाही. हे शिस्तीचं वाटेल, पण लोकांनी आपला पत्ता मंडळाला दिलेला असतो, एकमेकांना नाही.

मग व्हॉट्सअॅप आलं आणि यादीची गरज संपली असं सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटत नाही. ग्रुपला फक्त नंबर माहीत असतो. तो नंबर कुठल्या सेक्टरातला, घरात आणखी कोण आहे, आजीव सभासद आहे की वार्षिक, हे ग्रुप सांगत नाही. नंबर बदलला की माणूस निघून गेल्यासारखा दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणांची मर्यादा आहे, आणि ज्यानं आपला नंबर साठवलेला नाही त्याच्यापर्यंत निरोप पोचतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना कळलं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते वृद्ध सभासद तर या हिशेबात येतच नाहीत, आणि भिलाईत क्वार्टर लीजवर घेऊन एकटे राहणारे असे वृद्ध मराठी पुष्कळ आहेत. करोनाच्या काळात कुणाकुणाला डबा पोचवायचा हे ठरवताना ग्रुपचा उपयोग झाला नाही. सेक्टरवार यादीचा झाला.

यादीची ही गरज भिलाईपेक्षा जुनी आहे. छत्तीसगडात मराठी माणूस पहिल्यांदा आला तो कारखान्याबरोबर नव्हे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांबरोबर आला. मराठीभाषक पत्रकार माधवराव सप्र्यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, ते तीनच वर्षांत पैशाअभावी बंद पडलं. पैसा लागतोच, पण नियतकालिक असो की मंडळ, त्याच्यामागे नावपत्त्यांची जिवंत यादी आणि ती रोज दुरुस्त करणारा एक माणूस लागतो. प्रोग्राम कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी मंडळाला म्हणून माझी विनंती आहे. ग्रुप चालू ठेवा, पण यादी त्याच्या बाहेर, साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, युनिकोडमध्ये ठेवा. ती कुठल्याही संगणकावर उघडते. घराला क्रमांक द्या, प्रत्येक माणसाला स्वतंत्र नाव द्या, शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहा. नाव घेताना संमती घ्या, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही तेच आहे. यादीची प्रत दोन जणांकडे ठेवा, आणि त्यातला एक चाळिशीच्या आतला असू द्या.