न्यूरोची ओपीडी: दीपनगरहून पाहताना

मेंदू, मज्जारज्जू, नसा आणि स्नायू यांच्या आजारांवर जिथे भरती न होता उपचार मिळतात, त्या बाह्यरुग्ण विभागाला लोक सरसकट ‘न्यूरोची ओपीडी’ म्हणतात. तिथे येणाऱ्यांपैकी ऑपरेशन फार थोड्यांना लागते आणि वॉर्डात राहण्याची वेळही थोड्यांवरच येते. फिट, अर्धशिशी, कंपवात (पार्किन्सन्स), लकव्यानंतरचा अधूपणा, मधुमेहाने बधिर झालेली पावले, म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश हे आजार वर्षानुवर्षे, काही तर जन्मभर, घरी राहूनच सांभाळायचे असतात. इतर शाखांत जे काम वॉर्डात चालते, त्यातले बरेचसे इथे डॉक्टरच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर होते. ती खुर्ची रुग्णाच्या गावापासून किती लांब आहे, यावर उपचाराचे पुष्कळसे यश ठरते.

भुसावळ-वरणगाव रस्त्यावरचे दीपनगर ही महानिर्मितीच्या औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. एका बाजूला रेल्वेचे मोठे जंक्शन, दुसऱ्या बाजूला वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना, वर यावल-रावेरच्या केळीच्या बागा. इथल्या रुग्णाची वाट साधारण ठरलेली असते. आधी जवळचा दवाखाना, मग भुसावळचा फिजिशियन, तिथून जळगाव. जळगावच्या जिल्हा रुग्णालयाला जोडून २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे महाविद्यालय त्याआधीपासून आहे. तिथेही भागले नाही तर छत्रपती संभाजीनगर, नाशिक किंवा मुंबई. भुसावळहून मुंबई रेल्वेने सुमारे ४४० किलोमीटर. रात्रीच्या गाडीने जायचे, सकाळी केईएम किंवा जेजेच्या रांगेत केसपेपर काढायचा आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परतायचे, हा खानदेशातल्या कितीतरी घरांचा परिपाठ आहे.

या ओपीडीतला तज्ज्ञ म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमडी आणि त्यानंतर आणखी तीन वर्षे डीएम, असा त्याचा अभ्यासक्रम. डोक्याचे ऑपरेशन करणारा न्यूरोसर्जन वेगळा, मनोविकारतज्ज्ञ वेगळा. तरीही ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटले की लोकांच्या मनात तिघांची सरमिसळ होते आणि वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलो असे कुणी म्हणेल या धास्तीने माणसे महिनोन्महिने घरी बसतात. देशभरात न्यूरॉलॉजिस्ट काही हजारच आहेत आणि त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावी मोठ्या शहरातला तज्ज्ञ महिन्यातून एखादा दिवस येतो. त्याच्या येण्याची तारीख मेडिकल स्टोअरच्या दारावर लागते आणि त्या दिवशी बाकांवर जागा मिळत नाही.

तपासणीची सुरुवात रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच होते. तो पाय ओढतो का, चालताना एक हात हलतच नाही का, वळताना चार-पाच लहान पावले टाकावी लागतात का, हे डॉक्टर बसल्या जागेवरून पाहत असतो. मग एखादी ओळ लिहायला सांगतात. कंपवाताच्या रुग्णाचे अक्षर ओळीच्या शेवटापर्यंत बारीक होत गेलेले दिसते. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो की कपबशी उचलल्यावर, यावरून दोन निराळे आजार वेगळे काढता येतात: पहिला बहुधा कंपवात, दुसरा बहुधा नुसता कंप, आणि दोघांची औषधे पूर्ण वेगळी. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात, किल्लीच्या टोकाने तळव्यावर रेघ ओढतात. ओढल्यावर पायाचा अंगठा वर उचलला गेला तर मेंदूपासून किंवा मज्जारज्जूपासून येणाऱ्या वाटेत बिघाड आहे, हे बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १८९६ मध्ये दाखवले. सव्वाशे वर्षांनंतरही ही खूण तितकीच भरवशाची आहे. घोट्यावर कंप पावणारा नादकाटा टेकवला आणि रुग्णाला थरथर जाणवली नाही, तर मधुमेहाचा किंवा बी-१२ च्या कमतरतेचा संशय येतो.

नुसत्या पाहण्यातून किती हाती लागते याचे मोठे उदाहरण मुंबईतच घडले. जेजे रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा पाया घालणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी तोल जाण्याच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण तपासताना त्यांच्या नजरेची हालचाल विलक्षण संथ आहे हे टिपले. नऊ कुटुंबांतल्या या निरीक्षणावरचा त्यांचा लेख १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. पुढे जनुकशास्त्राने तो आजार वेगळा असल्याचे सिद्ध केले. एमआरआय तेव्हा कुठेच नव्हते.

आज लोकांचा भर मशीनवर आहे. ‘एमआरआय काढून घ्या’ असे नातेवाईकच डॉक्टरला सांगतात. अर्धशिशीत एमआरआय सहसा निर्दोष येतो, कंपवातातही बहुतेक वेळा येतो. मेंदूची पट्टी म्हणजे ईईजी निर्दोष आली म्हणून फिटचा आजार नाही असेही होत नाही. ती काढली त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता एवढेच त्यातून कळते. ईईजीला जाताना केस धुवून, तेल न लावता जावे, सांगितले असेल तर आदली रात्र जागावी, आणि चालू गोळी मनाने चुकवू नये. नसांचा वेग मोजणारी चाचणी बधिरपणा आणि स्नायूंच्या आजारांत उपयोगी पडते. पण कोणती चाचणी करायची हे रुग्णाच्या हकिगतीवरून ठरते.

फिटच्या बाबतीत ही हकिगत रुग्णाला सांगताच येत नाही, कारण तो तेव्हा शुद्धीवर नसतो. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने ओपीडीत येणे गरजेचे असते. प्रत्यक्षात सोबत येतो तो घरातला शिकलेला मुलगा किंवा पुतण्या, जो त्या वेळी घरी नव्हताच. आणि जिने सगळे पाहिले ती आजी अहिराणी किंवा लेवा बोलीतच बोलते म्हणून तिला गावी ठेवलेले असते. तिला आणावे, ती तिच्या बोलीत सांगेल. आधी एक हात आखडला की एकदम दोन्ही, मान कुठल्या बाजूला वळली, डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले, जीभ चावली का, घड्याळात किती वेळ गेला, या तपशिलांवर निदान फिरते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण मिळाले तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार म्हणजे फिटचा आजार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांच्या फिट थांबू शकतात. औषधेही अपूर्वाईची नाहीत. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरॅसिटॅम तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतात. गाडे अडते ते गोळ्या सुटण्यावर. वर्षभर फिट आली नाही की बरे वाटले म्हणून गोळी बंद होते, लग्न ठरले की लपवण्यासाठी बंद होते, शहरातली चिठ्ठी संपली आणि पुढची तारीख चुकली म्हणूनही बंद होते. एकाएकी गोळी तोडल्यावर येणारी फिट लांबते आणि जिवावरही बेतू शकते. उलट बाजूही आहे. फेनिटोइनचा डोस थोडा वाढला तरी रक्तातले प्रमाण एकदम चढते आणि रुग्ण दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, हिरड्या सुजतात. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून लग्नाच्या वयातल्या मुलीने ती गोळी घ्यावी का, हा प्रश्न लग्नाआधीच ओपीडीत निघायला हवा. आईसोबत बसलेली मुलगी तो स्वतःहून काढत नाही. डॉक्टरनेच काढायचा असतो.

खानदेशातल्या फिटच्या कारणांत एक फसवे कारण आहे: डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन अळीची गाठ मेंदूत बसणे. शाकाहारी घराला हे निदान ऐकून धक्का बसतो. पण अंडी मटणातून येत नाहीत. सांडपाण्यावर वाढलेली, नीट न धुतलेली कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात किंवा अस्वच्छ हात, ही त्यांची वाट. स्कॅनवर लहानसे कडे दिसते, त्यात कधी बारीक ठिपका असतो. योग्य औषधांनी बहुतेक रुग्ण बरे होतात, काहींची फिटची गोळीही पुढे थांबवता येते.

दीपनगरच्या रुग्णाला आणखी एक प्रश्न पडतो तो शिफ्टचा. वीजकेंद्र तीन पाळ्यांत चालते, रेल्वेच्या चालकांची ड्युटी कुठल्याही प्रहरी लागते. अपुरी झोप हे फिट आणि अर्धशिशी या दोन्हींचे ठळक निमित्त आहे. उंचीवर, बॉयलरजवळ किंवा फिरत्या यंत्रापाशी काम करणाऱ्याला फिटचा आजार असेल तर कामाची जागा बदलावी लागते आणि रात्रपाळी टाळावी लागते. त्यासाठी डॉक्टरचे नेमक्या शब्दांतले पत्र लागते. ‘विश्रांती द्यावी’ एवढ्या मोघम ओळीने कार्यालयात काही हलत नाही. कोणते काम करू नये आणि कोणते करता येईल, हे दोन्ही त्यात हवे.

दुसरी गोष्ट उन्हाची. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या गोळ्यांनी, विशेषतः मुलांत, घाम कमी येतो आणि अंग तापत राहते. मुंबईच्या दमट हवेत बसून लिहिलेल्या चिठ्ठीवर ही सूचना राहून जाऊ शकते. इथल्या आईने ती विचारून घ्यावी. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची लक्षणे उष्णतेने तात्पुरती वाढतात, तो नवा झटका नसतो. शरीरातले पाणी आटल्यावर मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही वाढतो, बाळंतिणीला अधिक. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याच्या जुन्या पद्धतीवर इथले डॉक्टर चिडतात ते यासाठीच.

सातपुड्याच्या पट्ट्यात, चोपडा-यावलपासून शिरपूरपर्यंत, भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आढळतो. त्या मुलांना लहान वयात लकवा होऊ शकतो. डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी वेळेवर केली तर कोणत्या मुलाला धोका जास्त आहे हे आधी कळते. हाता-पायात अशक्तपणा घेऊन आलेले मूल पोलिओचे किंवा पडझडीचे समजून परत पाठवण्याआधी रक्ताची एक साधी तपासणी व्हायला हवी.

ताज्या लकव्यासाठी मात्र ओपीडी ही जागाच नव्हे. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी काहीही अचानक झाले तर १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट तातडीच्या विभागात जायचे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. दीपनगरहून जळगावला पोहोचायला एवढा अवधी पुरतो. तो जातो ‘सकाळी ओपीडीत दाखवू’ म्हणण्यात, किंवा लकव्याची झाडपाल्याची पुडी देणाऱ्याच्या गावी गाडी वळवण्यात. पंधरा मिनिटांत आपोआप बरे झालेले वाकडे तोंडसुद्धा त्याच दिवशी दाखवायचे, कारण मोठा झटका पुढच्या काही दिवसांत येण्याचा धोका सर्वाधिक असतो. ओपीडीचे काम नंतरचे: रक्तदाब, साखर, रक्त पातळ ठेवणारी गोळी, फिजिओथेरपी, गिळताना ठसका लागतो का याची विचारपूस, आणि लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवू नका हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगणे.

डोकेदुखी ही या ओपीडीतली सर्वांत मोठी गर्दी. तिथे एकच गोष्ट ठळकपणे सांगण्यासारखी: महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर त्या गोळ्याच डोके दुखवू लागतात. कंपवातात वेळ पाळणे महत्त्वाचे. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. डाळ-दुधाबरोबर घेतली की तिचा असर कमी पडतो.

खर्चाच्या बाजूला एक तिढा आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. वर्षानुवर्षे ओपीडीतून गोळ्या नेणाऱ्याचा खासगीतला खर्च तिच्यात बसत नाही. म्हणून दर महिन्याची गोळी जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळणारी आहे का, हे तज्ज्ञाला पहिल्याच भेटीत विचारावे. महाग ब्रँड सहा महिन्यांनी परवडेनासा होऊन उपचार तुटण्यापेक्षा जुनी स्वस्त गोळी नेमाने चाललेली बरी.

अंतराची अडचण कमी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. डॉ. निर्मल सूर्या यांच्या मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या आरोग्य यंत्रणेबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत अपस्माराची शिबिरे घेतली. त्यांत तज्ज्ञ, ईईजी आणि औषधे एकाच छताखाली येतात. ई-संजीवनीसारख्या सरकारी दूरसल्ला सेवेतून किंवा व्हिडिओवरून जुन्या रुग्णाचा डोस बदलता येतो, चाल आणि कंप पाहता येतो. हातोडी आणि किल्ली मात्र पडद्यातून चालत नाही, त्यामुळे पहिली भेट समोरासमोर आणि पुढच्या काही भेटी दूरवरून, ही विभागणी व्यवहार्य ठरते. त्यासाठी जुने केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि फिटच्या तारखांची वही रुग्णाकडे हवी. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि संवेदना फाउंडेशन यांच्यासारख्या संस्थांत रुग्ण आणि घरचे मराठीतून एकमेकांशी बोलतात.

ओपीडीतून मिळणाऱ्या कागदांत अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचाही समावेश होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी, स्नायुक्षय आणि दीर्घकालीन चेताविकार आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि ते ठरवण्यासाठी अर्ज ऑनलाइन करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावे लागते. अपस्मार हे हिंदू विवाह कायद्यातले लग्न रद्द ठरवण्याचे कारण १९९९ च्या दुरुस्तीने वगळले गेले. केवळ फिट येतात म्हणून लग्न रद्द ठरत नाही. हे अनेक घरांना वकिलाच्या आधी न्यूरोच्या ओपीडीतच पहिल्यांदा कळते.