एक रुपयाचा हिशेब

निवडणूक आली की आमच्या महाविद्यालयात मतदार-जागृतीचा कार्यक्रम होतो. विद्यार्थी शपथ घेतात, गावातून फेरी काढतात, शाई लावलेल्या बोटाचे उत्तम चित्र काढणाऱ्यास बक्षीस मिळते. मी राज्यशास्त्र शिकवतो, म्हणून प्रास्ताविक दरवेळी माझ्या गळ्यात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी ते संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, मत द्या म्हणता ते ठीक. पण आमच्या वस्तीत आदल्या रात्री पाकीट येतं. ते घ्यायचं का नाही, तेवढं सांगा."

वर्गात हशा झाला. मला हसू आले नाही. मी ज्या घरातून आलो त्या घरातही ते येत असे. तेव्हा पाकीट नव्हते. आईसाठी साडी आणि वडिलांसाठी बाटली असे. वडिलांना अक्षरओळख नव्हती, परंतु निशाणी बरोबर ओळखता येत असे. "घेऊ नये" एवढेच उत्तर मी त्या मुलाला दिले. ते अपुरे होते.

कायद्याने पाकीट देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मात्र लाच खाण्यापिण्याच्या रूपाने दिली तर फक्त दंड. म्हणजे पाचशेची नोट घेणारी मजूर बाई कैदेस पात्र, आणि तीन रात्री बोकड कापून सबंध वस्तीला पाजणारा दंड भरून मोकळा! ही विभागणी इंग्रजी अमलात १९२० साली दंडसंहितेत आली आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशीच उतरली. आपले कार्यकर्ते सभांतून सांगतात, "पैसे त्यांचे घ्या, मत आपल्याला द्या." टाळ्या पडतात. मला हे पटत नाही, आणि ते सोवळेपणामुळे नव्हे. ज्याने पाकीट घेतले तो पाकिटाविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही. देणाऱ्याला मत मिळो न मिळो, वस्तीचे तोंड बंद झाले एवढे त्याला पुरते.

पैशाबरोबर बेल-भंडारा उचलायला लावतात, ही गोष्ट शहरी प्राध्यापकांना सांगावी लागते, आपल्याला नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१, याच्या कलम १२३ ने देवाच्या कोपाचे भय घालणे, तसेच बहिष्काराची वा जातीबाहेर टाकण्याची धमकी देणे, ही दोन्ही भ्रष्ट आचरणे ठरवली आहेत. दलितावर अमक्यालाच मत दे म्हणून जबरदस्ती करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. आणि मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातल्या साक्षीदारावरसुद्धा करता येत नाही. मग पाटलाच्या ओसरीवर कशी करता येईल?

परंतु पाकीट हे शेवटचे टोक आहे. पैसा निघतो कोठून, हा खरा प्रश्न. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख ही खर्चाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खर्चासाठी वेगळे बँक खाते, रोजची नोंदवही, चहाच्या कपापासून मंडपाच्या खुर्चीपर्यंत प्रशासनाने ठरवलेले दर, असा सगळा जामानिमा आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर आयोग तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो.

एवढी पक्की भिंत, मग भोक कोठे? उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. दिल्ली सदर मतदारसंघातील १९७१ च्या निवडणुकीच्या खटल्यात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला, सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सांगितले की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच नावावर धरावा. त्याच वर्षी कायदा बदलून हा निकाल निष्प्रभ करण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने ही सवलत आवळली गेली खरी, तरी मोठ्या नेत्यांचा प्रचार-प्रवास आजही उमेदवाराच्या खात्यात पडत नाही. देणगीदारांचे म्हणाल, तर २०१८ साली सुरू झालेले निनावी निवडणूक रोखे घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव मात्र पक्षाला आजही कळवावे लागत नाही.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली तेव्हा मताचा हक्क मालमत्तेला बांधलेला होता. १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने तो दिला. मतदारावरची मालमत्तेची अट गेली. उमेदवारावर ती न लिहिता येऊन बसली. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला विधानसभेसाठी दहा हजारांऐवजी पाच हजार अनामत लागते. या पाच हजारांत उंबरठा ओलांडता येतो, पुढे घरात पाऊल टाकायला पैसेवाल्याचे बोट धरावे लागते. राखीव जागेवरचा आपला माणूस आपले का बोलत नाही, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे त्याच्या स्वभावात असेल. गावपातळीवर तर आडपडदाही उरलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ग्रामपंचायतीची पदे लिलावात काढली गेली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. लिलावात भूमिहीन शेतमजुराने किती बोलायचे?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे उमेदवाराने दिलेला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे राहतो. तो आल्यापासून दोन दिवसांत तशी नोटीस फलकावर लावावी लागते, आणि एक रुपया भरून कोणीही तो पाहू शकतो. कोणीही! त्या मुलासह पाच विद्यार्थ्यांना घेऊन मी एका जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने विचारले, "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" पक्षाचे नाही म्हटल्यावर त्याला काही सुचेना. दोन चकरा झाल्या, तिसऱ्या खेपेला कागद समोर आले. आपल्याच चौकातली सभा मुलांनी त्यात शोधून काढली. जेवणावळ नव्हतीच, चहा होता, तोही मोजका. मुले बराच वेळ गप्प होती.

मर्यादेबाहेरचा खर्च हेही भ्रष्ट आचरण आहे. निवड झाल्यापासून ४५ दिवसांत त्या मतदारसंघातील कोणताही मतदार दोन हजार रुपये अनामत भरून उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. हिशेब यायलाच ३० दिवस जातात, म्हणजे हाती उरतात जेमतेम पंधरा. आम्ही गेलो तोवर तेही उलटून गेले होते. शिवाय पुरावा आपला लागतो: सभेची तारीख, गाड्यांचे क्रमांक, मंडपाचा आकार, फोटो. हे सारे प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून लिहून ठेवले तरच त्या पंधरा दिवसांत उपयोगी पडते.

त्या मुलाने दोनशे पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावर त्याने वस्तीतल्या दोन मंडपवाल्यांचे दर लिहून ठेवले आहेत.