फलंदाजाची पारख

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. एवढ्या अल्पावधीत सावकाश विचार करून फटका निवडणे शक्य नसते. तेथे उपयोगी पडतात त्या वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचाली. म्हणूनच प्रत्येक फलंदाजाच्या खेळात काही आवडीचे फटके आणि काही उणिवा पुनःपुन्हा दिसतात. त्या हेरून त्यांची पद्धतशीर नोंद ठेवणे, यालाच फलंदाजाची पारख असे म्हणता येईल.

पूर्वी हे काम कर्णधाराच्या आणि अनुभवी खेळाडूंच्या स्मरणशक्तीवर चालत असे. आज व्यावसायिक संघांत त्यासाठी स्वतंत्र विश्लेषक असतो. चित्रफीत पाहून तो प्रत्येक चेंडूची नोंद घेतो. चेंडूचा टप्पा कोठे पडला, तो आत वळला की बाहेर गेला, फलंदाजाने पाय पुढे टाकला की मागे नेला, फटका कोणत्या दिशेला गेला, हे सारे त्यात येते. अशा शेकडो नोंदी एकत्र केल्या, की कोणत्या टप्प्यावर धावा निघतात आणि कोणत्या टप्प्यावर बळी मिळतो, याचे चित्र स्पष्ट होऊ लागते.

या पद्धतीचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील बेसबॉल या खेळात सापडते. तेथे चेंडू टप्पा न पडता फलंदाजासमोरील एका काल्पनिक चौकटीतून जातो. १९४१ च्या हंगामात ४०.६ टक्के यशाची सरासरी राखणारे टेड विल्यम्स यांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या ग्रंथात या चौकटीचे ७७ चेंडूंएवढे भाग पाडून दाखवले. मध्यभागी आलेल्या चेंडूवर आपली सरासरी ४० टक्के राहील, परंतु बाहेरच्या खालच्या कोपऱ्यातील चेंडूवर ती २३ टक्क्यांवर येईल, असा त्यांचा अंदाज होता. सारांश, श्रेष्ठ फलंदाजही सर्व ठिकाणी सारखाच प्रबळ नसतो.

बलस्थान आणि कच्चा दुवा हे पुष्कळदा एकमेकांच्या शेजारीच असतात. आखूड टप्प्याचा चेंडू सीमेपार भिरकावणारा फलंदाज त्याच फटक्यावर सीमारेषेजवळ झेल देऊ शकतो. त्यामुळे गोलंदाज आणि कर्णधार चेंडूचा टप्पा व क्षेत्ररक्षणाची मांडणी यांचा एकत्र विचार करतात. मात्र कागदावरची योजना प्रत्यक्षात उतरवायची, तर चेंडू नेमक्या जागी पडावा लागतो. तो थोडा जरी चुकला, तरी त्याच योजनेतून षटकार मिळतो.

नोंदी अपुऱ्या असल्या, तर काय घडते, हे जयपूरच्या सवाई मानसिंग मैदानावर २०२५ साली दिसून आले. २८ एप्रिल रोजी राजस्थान रॉयल्सचा अवघ्या १४ वर्षांचा डावखुरा सलामीवीर वैभव सूर्यवंशी याने गुजरात टायटन्सविरुद्ध ३५ चेंडूंत शतक झळकावले. इंडियन प्रीमियर लीगमधील हा त्याचा केवळ तिसरा सामना होता. अखेर ३८ चेंडूंत १०१ धावा झाल्यावर प्रसिध कृष्णाच्या यॉर्करने त्याचा त्रिफळा उडवला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ मे रोजी, त्याच मैदानावर मुंबई इंडियन्सविरुद्ध तो दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला.

या दोन डावांवरून कोणता निष्कर्ष काढावा? पहिल्यावरून तो अजिंक्य ठरत नाही आणि दुसऱ्यावरून त्याचा कच्चा दुवा सापडला, असेही म्हणता येत नाही. दोन चेंडू हा पुरेसा पुरावा नव्हे. जाणकार पारखी घाईने शिक्का मारत नाही. एकच चूक सारख्याच परिस्थितीत वारंवार घडते का, हे तो पाहतो. कोवळ्या वयाच्या खेळाडूबाबत तर हा संयम अधिकच आवश्यक आहे. कारण एकदा बसलेला शिक्का त्याची संधी हिरावून घेऊ शकतो.

शिवाय फलंदाजही स्वतःची पारख करत असतो. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकर उजव्या यष्टीबाहेरील चेंडूवर ड्राइव्ह मारताना बाद होत होता. जानेवारी २००४ मधील सिडनी कसोटीत त्याने आपला आवडता कव्हर ड्राइव्हच वर्ज्य केला. तेथे ४३६ चेंडू खेळून त्याने नाबाद २४१ धावा केल्या आणि त्यांतील बहुतेक चौकार ऑनच्या बाजूला मारले. प्रतिस्पर्ध्यांनी हेरलेली उणीव त्याने त्यांच्या उपयोगी पडू दिली नाही.

यावरून असे दिसते, की कच्चा दुवा ही खेळाडूची कायमची ओळख नसते. ती एका ठरावीक काळातील नोंद असते आणि परिश्रमाने बदलू शकते. म्हणून खरा पारखी आपली वही कधीच मिटत नाही. प्रत्येक नव्या डावानंतर तो जुनी नोंद पुन्हा तपासून पाहतो.