गायकीचे संवादिनीवर रूपांतर : मींड आणि पट्टी यांचा प्रश्न

एका वाद्याचे संगीत दुसऱ्या वाद्यावर नेताना स्वर नेता येतात. स्वरांमधील वाट मात्र बहुधा मागेच राहते. जर्मन संगीतकार बाख याने चेलोसाठी रचलेली आपलीच पाचवी सूट ल्यूट या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यासाठी उतरविली, तेव्हा तिचा आधारस्वर बदलला आणि मुळात नसलेले खर्जाचे स्वर घातले. गजाने लांबविता येणारा स्वर ल्यूटवर छेडताच विरू लागतो, हे त्यामागील एक कारण मानता येईल.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पेटीने, म्हणजेच संवादिनीने, उभा केला. संगीत रंगभूमीने हे युरोपीय वाद्य आपलेसे केले. सारंगी गळ्यामागोमाग घसरत जाते. पेटीच्या सप्तकात मात्र बारा पट्ट्या आणि प्रत्येकीचा स्वर ठरलेला. समविभागामुळे तिचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधाराहून सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने, चढा लागतो. या दोषावर कृ. ब. देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बावीस श्रुतींच्या पेटीचा उपाय पुढे केला. हेतू स्तुत्य होता, निदान अपुरे होते. श्रुती वाढल्या तरी प्रत्येक पट्टी स्थिरच. बावीस पायऱ्या केल्या तरी जिन्याची घसरगुंडी होत नाही.

वादकांनी शोधलेली वाट निराळी होती. पहिली पट्टी पुरती सुटण्याआधी दुसरी दाबणे, मधल्या स्वरांना कणस्पर्श करून पुढे जाणे, भात्याचा दाब कमी करून स्वर मावळत नेणे, या युक्त्यांनी मींडेचा आभास निर्माण होतो. आभासच, पण कसदार. भास्करबुवा बखल्यांच्या गायकीने प्रभावित झालेले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी एकलवादनात गायकी आणली ती याच मर्यादेत राहून.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हाही ती लागू होती. साथीपुरती ती १९७० च्या दशकात शिथिल झाली. वर्धा जिल्ह्यातील भजनी मंडळांनी मात्र पेटी सोडली नाही.

महाविद्यालयीन अध्यापनात हा प्रश्न आजही जिवंत आहे. भातखंडे स्वरलिपीत मींड दोन स्वरांवरील कमानीने दाखवितात. पेटीवर शिकणारा विद्यार्थी त्या कमानीखालच्या दोन पट्ट्या अचूक दाबतो आणि कमान कागदावरच राहते. तेवढा भाग त्याला आधी गळ्याने म्हणावयास लावणे आवश्यक ठरते.