नवा कोरा टायर कापतात कशाला?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘आं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज जरा वेडेपणाची गोष्ट. शेकडो डॉलर मोजून नवा कोरा टायर आणायचा. तो अजून जमिनीला टेकलेलाही नाही, आणि गरम पातं घेऊन त्याच्या रबरात चर पाडत बसायचं. अमेरिकेत आयोवा, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या भागांत मातीच्या ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यती होतात, तिथे उन्हाळ्यात दर आठवड्याला हे चालतं. मी ऑनसाइट प्रोजेक्टसाठी आयोवात होतो तेव्हा हे जवळून बघितलं. नुसतं बघितलं नाही, एक टायर स्वतः कापला आणि वाया घालवला. त्याचं पुढे सांगतो.

आधी गाडी. या शर्यतींमधली सगळ्यात भन्नाट म्हणजे स्प्रिंट कार. डोक्यावर मोठ्ठं पत्र्याचं पंख, इंजिन जवळपास पावणेसात लिटरचं, ताकद ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि वजन ड्रायव्हरसकट साडेसहाशे किलोच्या घरात. म्हणजे आपल्या अल्टोपेक्षा हलकी! ट्रॅक लंबगोल, गाडी कायम डावीकडेच वळते. आयोवातलं नॉक्सव्हिल या खेळाची पंढरी. तिथली नॅशनल्स स्पर्धा १९६१ पासून होते आणि ट्रॅक अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण ८०० मीटर. माती काळी आणि चिकट. आपल्याकडच्या कपाशीच्या रानाची आठवण यावी अशी.

आता मुद्दा. डांबरी ट्रॅकवर कोरड्या हवेत रेसिंग टायर गुळगुळीत असतो, कारण तिथे जितकं जास्त रबर जमिनीला टेकेल तितकं चांगलं. मातीवर गणित बदलतं. तिथे टायर घसरतो तेव्हा बऱ्याचदा रबर मातीवरून घसरत नसतं, मातीचा वरचा थरच खालच्या थरावरून सुटत असतो. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. रबराचं मातीशी भांडण आहे, आणि माती रात्रभर स्वतःचा स्वभाव बदलत राहते.

दुपारी टँकरने ट्रॅकला पाणी मारतात. मग जड गाड्या फिरवून माती दाबून घेतात. संध्याकाळी सुरुवातीच्या फेऱ्यांना ट्रॅक ओलसर आणि धरून ठेवणारा असतो. आमचे आजोबा ज्याला वाफसा म्हणायचे ना, अगदी तेच! मुठीत दाबली तर लाडू होतो, सोडली तर हाताला चिकटत नाही. मग एकामागून एक शर्यती होतात, गाड्या सैल माती बाहेरच्या कडेला ढकलतात, पाणी उडून जातं, आणि रात्री मुख्य शर्यतीपर्यंत मधला पट्टा फरशीसारखा कडक आणि चकचकीत होतो. तिथले लोक त्याला ‘स्लिक’ म्हणतात. कधीकधी तर टायरचं रबर मातीवर घासून घासून काळा पट्टा तयार होतो आणि मातीचा ट्रॅक चक्क डांबरासारखा वागायला लागतो.

एकाच रात्रीत इतकी रूपं. कंपनी टायर बनवते तो एकच, ठोकळ्यांच्या साध्या नक्षीचा. उरलेलं काम पात्याने करायचं.

कापायचे दोन प्रकार आहेत, आणि ते एक समजू नका. पहिला ग्रूव्ह, म्हणजे रुंद चर. विजेवर तापणारं हत्यार असतं, दिसायला सोल्डरिंग गनसारखं, पुढे इंग्रजी यू अक्षरासारखं वाकवलेलं पातं. ते रबरात घालून सावकाश ओढायचं. घाई केली तर पातं वाकतं, रेंगाळलात तर रबर जळतं आणि असा वास सुटतो की दुसऱ्या दिवशी ऑफिसात पण येतो. मधून रबराची लांब पट्टी शेवेसारखी बाहेर पडते. पातं किती बाहेर ठेवलंय त्यावर खोली ठरते. खाली दोऱ्यांच्या थराला धक्का लागला तर टायर मेला. ओल्या चिखलात हे चर कामाचे: माती त्यात शिरते, चाक फिरलं की बाहेर फेकली जाते, आणि कमी रबरावर जास्त दाब आल्यामुळे कडा खोल रुततात.

दुसरा साइप. यात रबर काढायचं नसतं, धारदार पात्याने नुसती बारीक चीर द्यायची. हा शब्द जॉन साइप नावाच्या माणसावरून आला, त्याचं पेटंट १९२३ चं आहे. सांगतात असं, की तो कत्तलखान्यात कामाला होता, ओल्या फरशीवर घसरायचा, म्हणून त्याने बुटाच्या तळव्याला चिरा पाडल्या. चीर दिली की एका ठोकळ्याची चार-पाच पानं होतात. प्रत्येक पानाला स्वतःची कड. शिवाय ही पानं वाकतात, एकमेकांवर घासतात, त्यामुळे टायर लवकर तापतो. रेसिंगच्या रबराची पकड तापल्यावरच येते. म्हणून कडक, चकचकीत ट्रॅकवर साइप लागतात.

आणि दिशा! खोबऱ्याची किसणी आठवा. तिच्या धारेला आडवं खोबरं ओढलं तरच कीस पडतो, धारेच्या दिशेने ओढलं तर नुसतं सरकतं. टायरचंही तसंच. रुंदीच्या दिशेने आडवी चीर गाडीला पुढे ढकलायला मदत करते. परिघाच्या बाजूने गोल फिरणारी चीर वळणावर बाहेर घसरण्यापासून अडवते. गाडी कायम डावीकडे वळते, म्हणून मागचं उजवं चाक सगळा भार खातं, आणि लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच्याच पुढ्यात बसून डोकं खाजवतात.

आता माझा पराक्रम. माझ्या एका सहकाऱ्याचा भाऊ आठवडाभर वेल्डिंग करायचा आणि शनिवारी गावाकडच्या छोट्या ट्रॅकवर जुनी गाडी पळवायचा. मी तिथे टूलबॉक्स उचलायला जायचो. एके दिवशी त्याने साइप करायचं हत्यार माझ्या हातात दिलं. मी बीटेक, डोक्यात लगेच समीकरण: कडा जास्त, म्हणजे पकड जास्त. उजव्या मागच्या टायरवर प्रत्येक ठोकळ्याला मी इतक्या जवळजवळ चिरा दिल्या की तो कोबी चिरल्यासारखा दिसत होता. त्याने बघितलं, काही बोलला नाही.

पहिल्या सहा-सात फेऱ्यांत गाडी अशी पळाली की मी कठड्यावर चढून ओरडत होतो. पाचव्या नंबरवरून दुसऱ्यावर! मग मागचं बूड हळूहळू बाहेर जायला लागलं. पातळ पानं जास्तच वाकत होती, टायर तापत गेला, तापलं रबर आणखी मऊ, मऊ रबर आणखी वाकतं. आपल्या भाषेत इन्फिनिट लूप. शेवटी रबराला फोड आले, तुकडे उडाले, आणि तो नववा आला. त्या रात्रीच्या बक्षिसातून पुढच्या टायरचे पैसे निघणार होते, ते गेलेच, वर हा टायरही गेला.

ऑफिसात चुकीचा कोड लाइव्ह गेला तर आम्ही मागची आवृत्ती परत टाकतो. रबरात दिलेली चीर परत जोडता येत नाही. एक फेरी पळाल्यावर गुळगुळीत झालेला वरचा थर ग्राइंडरने घासून खालचं ताजं रबर वर आणता येतं, आणखी कापता येतं. न कापलेलं मात्र करता येत नाही. म्हणून जाणकार मंडळी संध्याकाळी कमी कापतात आणि पुढची शर्यत जवळ येईल तसं वाढवत नेतात.

सगळीकडे कापायला परवानगी असते असं नाही बरं का. काही वर्गांत ते बंद आहे, कारण पैसेवाला चार प्रकारे कापलेले चार सेट घेऊन येतो आणि वेल्डिंगवाला एका सेटवर रात्र काढतो. मला हा नियम पटतो, खरं सांगू तर. रसायनात भिजवून रबर मऊ करायला मात्र सर्रास बंदी असते. सुईच्या मीटरने रबराचा कडकपणा मोजतात, संशय आला तर नमुना लॅबला जातो.

आणि हे ऐकून बाइकच्या टायरवर प्रयोग करू नका, प्लीज. आपल्याकडे गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने नवी नक्षी कोरून विकतात, त्यापासून तर लांबच रहा. तिथे कापायला रबरच उरलेलं नसतं, पातं थेट दोऱ्यांपाशी जातं. ट्रकच्या काही टायरवर ‘रीग्रूव्हेबल’ असं कंपनीनेच छापलेलं असतं, कारण त्यांत खाली जादा रबर दिलेलं असतं. तुमच्या टायरवर तसं काही नाही.

पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा तो भला माणूस मला आधी ट्रॅकवर घेऊन गेला. बुटाची टाच मातीत दाबली, मलाही दाबायला लावली. संध्याकाळचे सहा वाजले होते, टाच छान रुतली. मग त्याने विचारलं, ‘रात्री दहाला काय होईल?’ मी वाकून मूठभर माती उचलली, दाबली. लाडू झाला, पण कडेने भेगा पडल्या. वारं सुटलं होतं. म्हटलं, दहापर्यंत फरशी होणार. त्याने मान डोलावली, हत्यार माझ्याच हातात दिलं आणि बोट दाखवून सांगितलं: एका ठोकळ्याला एक चीर, ती पण आडवी, आणि आठला परत बघू.